पालथ्या पेल्यातला कापूस

“ओला! मास्तरचा कापूस ओला!”

चाचांची आरोळी अमरावतीच्या कापूसबाजारातून निघाली ती थेट दूरच्या तिवसा गावाला जाऊन थडकली. तिथले बैल म्हणे जू टाकून पळाले. म्हणणारा मीच, पण बैलांनी अजून नाकारलेलं नाही.

चाचा म्हणजे बाजारातले सगळ्यांत जुने पारखी. गाडीतला कापूस कोरडा की वजन वाढवायला पाणी मारलेला, हे नुसता गालाला लावून सांगायचे, आणि मग दलाल काय, कास्तकार काय, सगळे गप्प. दिवसच तसे होते. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा थांबला, आणि इथला भाव असा चढला, की लोक घरच्या उशा उसवून बाजारात आणत आणि डोक्याखाली वीट घेऊन झोपत.

त्यात मी, अकोल्याहून आलेला मास्तर, शाळेत सांगून बसलो की रिकाम्या पेल्यातही हवा भरलेली असते. झालं. दिसत नाही ते आहे म्हणतो, म्हणजे मास्तर भुताखेतांचं शिकवतो, असा बोभाटा झाला आणि निम्मी शाळा घरी बसली. म्हणून मी भर बाजारात पैज लावली. काचेच्या पेल्याच्या तळाशी कापूस कोंबायचा, पेला पालथा धरून पाण्यात बुडवायचा. आतली हवा पाण्याला वर येऊ देणार नाही. कापूस भिजला, तर शाळेला कुलूप घालून मी अकोल्याला परत.

घंगाळातल्या पाण्यात पेला बुडाला मात्र, चाचांनी पेल्याखाली बोटं सारली. त्यांचंही खरंच होतं. ओला कापूस गाडीच्या मधोमध दडवलेला असतो. वरवर पाहून इथं कुणी विश्वास ठेवत नाही, आत हात घालतोच. पेला कलला, बुडबुडे निसटले, पाणी आत शिरलं. आणि चाचा ओरडले.

“मास्तर, अकोल्याची गाडी जुंपू का?” एका कास्तकारानं विचारलं.

मी म्हटलं, बुडबुडे होऊन पळाली तीच हवा. चाचांचे हात आवरा, पुन्हा दाखवतो. चाचांनी कुरकुरत दोन्ही हात काखेत दाबले. नवा कापूस, पुसलेला पेला, सरळ खाली. मी वीस आकडे मोजले. पुढं जन्मभर ते दोनशे म्हणून सांगत आलो.

पेला वर काढून कापूस चाचांच्या हाती दिला. त्यांनी तो एका गालाला लावला, मग दुसऱ्याला. मग पिंजून आतून पाहिला. आणि मान डोलावली.

आनंदानं मी अशी उडी मारली, की मागच्या कापसाच्या ढिगात गळ्यापर्यंत बुडालो. चौघांनी ओढून काढलं. पुढच्या सोमवारी शाळेत बसायला जागा नव्हती. पण त्या दिवशी बाजारातच, मिशीतला कापूस झटकत, मी चाचांना विचारलं, आता तरी पटलं ना, पेल्यात हवा होती?

“कापूस कोरडा हाय, मास्तर,” चाचा म्हणाले. “हवा मी पारखत नाई.”