सुईणीचं लुगडं

नातीचे पाय गार पडले होते आणि ती दूध ओढत नव्हती. सकाळी मीच तिला आंघोळ घातली होती. पायांवर घेऊन, तेल चोळून, माझ्या चार पोरांना घातली तशी. ही आठव्या महिन्यातच झालेली, हडकुळी. घरी येणाऱ्या नर्सनं बजावलं होतं, इतक्यात आंघोळ नको. मी ऐकलं नाही.

सुनेनं फोन लावला. नर्स ढाणकीहून स्कूटीवर आली. पोरीला हात लावून म्हणाली, "कोणं धुतली हिले?"

"म्या."

तिनं दवाखान्याची गाडी बोलावली. सून तापानं थरथर कापत होती, म्हणून नर्स मला म्हणाली, "आजी, चोळी सोडा. पोरीले उघड्या छातीले लावा, वरून गोधडी घ्या."

"या वयात?"

"लाजाचं मंग पाहू."

मला राग आला. "तुले सरकार पैसे देते म्हणून येतं तू. कोणं बलावलं होतं?"

"देते ना. पण आमच्या संस्थेले पोरीचं वजन वाढलं तरच देते. म्या नुसत्या चकरा मारल्या तर काहीच नाही. आता भांडू नका, तिले टोपी घाला."

हे मला पटलं. आमच्या सुईणीलाही लुगडं बारशालाच मिळायचं, बाळ-बाळंतीण धड असली तर. म्हणून ती न बोलावता रोज यायची. ज्याचं लुगडं अडकलेलं असतं ते माणूस उगाच काही सांगत नाही. मी चोळी सोडली.

उमरखेडच्या दवाखान्यापर्यंत पोर तशीच छातीला होती. आधी तिचं पोट गरम झालं, मग पाय. दवाखान्यात पोरीला आणि सुनेला, दोघींनाही बरेच दिवस राहावं लागलं.

घरी आल्यावर नर्स दर आठवड्याला काटा आणायची. झोळीत पोर टाकली की काट्यावर नर्सच्या आधी मी वाकायची.

"झालं का वो तुह्यं लुगडं?"

"निम्मं झालं, आजी. पदर राह्यला."

वजन पुरं भरलं त्या दिवशी मी तिला खरंच लुगडं दिलं. म्हणाली, नियमात बसत नाही. मी म्हटलं, नियम सरकारचा, लुगडं माह्यं. घेतलं तिनं.

नात आता अंगणवाडीत जाते. आंघोळ म्हटलं की अजून पळते. ती जगली, सूनही जगली.