कुंकू लागलेले बूट

गोठिवलीच्या हिरामणचे पाय मिठागरात घडले होते. बापाचेही तसेच, आज्याचेही तसेच. टाचा अशा की बाभळीचा काटाच वाकून जावा. खाडीकाठी रंगाचा कारखाना उभा राहिला तेव्हा गावातले सगळे असेच पाय घेऊन कामाला गेले, आणि साहेबाने त्या पायांसाठी गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट दिले.

बूट कोणी घालीना. हिरामणचा शेजारी शिवा तर म्हणाला, "मिठानं नाय खाल्लं ते पाय तुमचा आसिड काय खानार?" त्याच्या बायकोने एका बुटात सुका जवळा भरला आणि मांजराला पोचू नये म्हणून तो आढ्याला टांगला.

हिरामणचं मात्र वेगळं होतं. फोरमन रणदिवे साहेबांनी त्याला सांगितलं होतं, "सुरक्षेचा दाखला मिळव, मुकादम करतो. नाही मिळाला तर परत पिंपं वाहायची." पाठ त्याला चोख येत होते. भाजलं तर काय, डोळ्यात उडालं तर काय, पट्टी कशी बांधायची. पट्टीचा सराव त्याने बायकोवर, पुतळावर, इतका केला होता की ती चुलीपुढे बसली तरी एक हात गळ्यातल्या झोळीत असे. पण परीक्षक मुंबईहून येऊन आणखी एक गोष्ट बघणार होते. हिरामणच्या पाळीच्या माणसांच्या पायांत बूट आहेत का?

हिरामण विचार करत बांधावर बसला. भरती आली, ओहोटी लागली, बगळे उठून गेले. मग त्याला सुचलं. माणसं ज्याला हात जोडतात त्याला टाकून देत नाहीत.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची. त्या वर्षी हिरामणने यंत्रांशेजारी पाट मांडून सगळ्यांचे बूट ओळीने उभे केले. हळद वाहिली, कुंकू लावलं, प्रत्येक बुटात झेंडूचं फूल खोचलं. शिवाने घरचा बूट जवळा झटकून आणला आणि सगळ्यांत आधी नमस्कार केला. हिरामणचा ऊर भरून आला.

दसऱ्याची सुटी संपली. परीक्षक दुपारी येणार होते. सकाळी पाळीची माणसं आली, बुटांपुढे हात जोडले आणि अनवाणीच कामाला लागली.

"बूट घाला रं," हिरामण म्हणाला.

"कुंकवाव पाय देऊ?" शिवा म्हणाला. "तू दे आगोदर. आमी बगतो."

हिरामणने आपला बूट समोर ओढला. पाय उचलला. पाय वरच राहिला. खाली जाईना. शेवटी त्याने तोच पाय दुसऱ्या पायावर खाजवला आणि बाजूला ठेवला.

पुतळा भाकर घेऊन फाटकाशी आली तेव्हा नवरा तोंड पाडून बसलेला. सगळं ऐकून ती म्हणाली, "गनपतीला वरीसभर घरात ठेवतांव का आपून? पूजा केलीव, आता खाडीव नेऊन बोलवन करा."

"बुटांची?"

"मंग काय माझी?"

भरती नुकतीच चढली होती. कारखान्यामागच्या खाडीकडे मिरवणूक निघाली. प्रत्येकाच्या डोक्यावर बूट, पुढे हिरामण. मोरया कुणाच्या नावाने म्हणायचं हे ठरेना, म्हणून नुसत्या टाळ्या वाजवल्या. बूट पाण्यात बुडवले, कुंकू वाहून गेलं, फुलं तरंगत निघाली. देवपण उतरलं, रबर उरलं. माणसांनी बूट उलटे करून झटकले आणि निमूट पायांत चढवले.

परीक्षक आले. चष्मेवाले, शांत गृहस्थ. त्यांनी खाली पाहिलं. सगळ्यांच्या पायांत बूट होते. फक्त प्रत्येक पावलाला पचक-पचक आवाज येत होता. रणदिवे साहेब छताकडे बघू लागले.

तेवढ्यात शिवा ओरडला आणि एका पायावर नाचू लागला.

हिरामण धावला. पुस्तकात होतं तसंच म्हणाला, "घाबरू नको, बस." बूट ओढला. अंगठ्याला नांगीने धरून एक छोटी चिंबोरी, खाडीतला खेकडा, लटकलेली. पुस्तकात चिंबोरी नव्हती. हिरामणला एवढंच आठवलं की जखम उघडी ठेवायची नाही. त्याने पट्टी काढली आणि आयुष्यातली सगळ्यांत सुरेख पट्टी बांधली, चिंबोरीसकट.

परीक्षक वाकले. त्यांनी पट्टीला बोट लावून पाहिलं.

"पट्टी उत्तम आहे. पण आत काहीतरी हलतंय."

"ती अजून घाबरलीय, साहेब," हिरामण म्हणाला.

"ती नाय, मी," शिवा म्हणाला.

परीक्षकांनी चष्मा पुसला, डोळेही पुसले. "बूट सर्वांच्या पायांत आहेत, पट्टी घट्ट आहे. खेकड्याबद्दल नियम नाही, त्यामुळे त्याचे गुण मला कापता येत नाहीत. आता त्या खेकड्याला सोडा बरं."

दाखला दिवाळीच्या तोंडावर आला. हिरामण मुकादम झाला. लक्ष्मीपूजनाला पुतळाने दाखला काचेत बसवून देवांपाशी मांडला आणि त्याला कुंकू लावलं.

सणानंतर रणदिवे साहेबांनी कचेरीच्या भिंतीत खिळा ठोकला आणि दाखला मागितला. हिरामण घरी गेला, तसाच परत आला.

"कुंकू लागलंय, साहेब. बोलवन केल्याबिगर हालवता येत नाय. आनि खाडीत शाई टिकनार नाय."

तो खिळा रिकामाच राहिला. बुटांच्या त्या दाखल्याची कुणी चौकशी केली की साहेब त्याला गोठिवलीला धाडत. तिथे पुतळा दारातच सांगे, "आगोदर चपला भायेर काडा."