मागची कात्री

सहा महिन्यांत मास्तरांनी तीन कोट बिघडवले. तिसऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, माझा उजवा हात तुमच्याकडेच राहिला काय?"

मास्तरांना हसू आलं नाही. झोपच नव्हती. रोज पहाटे तेच स्वप्न. ते मशीनवर वाकलेले आणि मागून कुणीतरी त्यांच्या अंगातला सदरा कापत चाललंय. कात्रीचं गार पातं पाठीच्या कण्यावरून वर सरकतं. मान वळत नाही.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, पुरे झालं. दुकानाला कुलूप लावा आणि इकडे या."

"येऊन काय करू? तुझे पडदे मोजू?"

बोलले खरे, पण धसकले. बायको गेल्यापासून दुकानाखेरीज त्यांच्याजवळ होतं काय?

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "दिवसभर सारखं काय करता?"

"मापं घेतो. प्रत्येक माप दोनदा."

"मग दर वेळी स्वतःला विचारा, मी जागा आहे का? स्वप्नात आकडे सहसा टिकत नाहीत. बदलला, की ओळखायचं. मग मागे वळून बघा. दिवसाही डोळे मिटून वळण्याचा सराव करा."

मास्तर गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावून पुटपुटू लागले, "जागा आहे ना?"

"उभ्या उभ्या झोपेन कसा?" गिऱ्हाईक चिडायचं.

तिसऱ्या आठवड्यात स्वप्नात गळ्याचं माप पंधरा आलं. पुन्हा टेप लावली, बावन्न. मास्तर स्वतःशीच म्हणाले, "अस्सं!" आणि वळले.

मागे कुणी नव्हतं. टेबलावर मिटलेली कात्री. शेजारी बायकोचं स्टूल, रिकामं. तीस वर्षं ती तिथेच, त्यांच्या पाठीमागे बसून काजं करायची.

त्यानंतर गाढ झोप लागू लागली. बाह्या जागच्या जागी बसल्या. मुलीने कुलपाचा विषय सोडला. "आता मागे कुणी नाही ना, बाबा?"

"नाही गं. कुणीच नाही."

महिन्याभराने एका पहाटे आकडा पुन्हा बदलला. पंधराचे सत्तर. मास्तरांनी टेप गळ्यात टाकली. या वेळी ते वळले नाहीत.

"बस," मागे न बघताच ते म्हणाले. "काजं राहिलीत."

मग मशीनवर वाकले आणि पाठ सैल सोडून कात्रीच्या आवाजाची वाट बघत राहिले.