जमतं की अजून नाही

आमच्या नवीन पनवेलच्या संस्थेत मासळी साफ करून बर्फात भरण्याचा कोर्स ऑनलाइन करायचं ठरलं, तेव्हा सॉफ्टवेअर निवडायचं काम दोघांवर आलं. एक मी, हाच विषय फळ्यावर शिकवून केस पांढरे केलेली. दुसरा करंज्याच्या कोळीवाड्यातला, कालपरवा रुजू झालेला सहकारी. ज्याचं सॉफ्टवेअर घेतलं जाईल तो ऑनलाइन विभागाचा प्रमुख, असं प्राचार्य सरांनी सांगून टाकलं. ती खुर्ची माझीच, असं मी धरून चालले होते.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये काय नव्हतं? व्हिडिओ, हजेरी, गुण, नंबर, सगळं होतं. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मुलांनी काम करतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ पाठवायचा आणि शिक्षकाने ‘जमतं’ किंवा ‘अजून नाही’ एवढंच लिहायचं. याला काय सॉफ्टवेअर म्हणायचं? पण सर ते पुन्हा पुन्हा उघडून बघत होते, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

शेवटी सर म्हणाले, एकमेकांच्या सॉफ्टवेअरवर विद्यार्थी होऊन बघा. त्याने माझे लांबलचक व्हिडिओ निमूटपणे शेवटपर्यंत पाहिले, कारण त्याशिवाय परीक्षा उघडतच नव्हती. जन्म मासळीत गेलेला माणूस तो, पैकीच्या पैकी गुण. माझ्याच सॉफ्टवेअरने त्याला पहिल्या नंबरचं प्रमाणपत्र दिलं, खाली माझी सही.

मी सुकापूरला घरी ओट्यावर साफ केलेले बांगडे बर्फात रचले, नवऱ्याने व्हिडिओ काढला. उत्तर आलं, ‘अजून नाही’.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या समोरच त्याला चूक दाखवायला लावली. तो खालच्या आवाजात म्हणाला, “मॅडम, पोटं वर ठेवलीत. बर्फाचं पाणी त्यात साचतंय. पोट खाली पायजे. तुमीच शिकवता ना?”

शिकवते. झोपेतून उठवलं तरी सांगेन. हात मात्र नवखे होते. सरांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

हट्टाने मी पुन्हा बांगडे आणले. या वेळी एकेक मासा पालथा घालून रचला आणि व्हिडिओ पाठवला. संध्याकाळी तेच बांगडे तळायला घेताना मोबाइल वाजला. ‘जमतं.’ मला इतका आनंद झाला की माशाच्या हातानेच मोबाइल नवऱ्याच्या नाकासमोर धरला. किती वर्षांत मला कुणी पास केलं नव्हतं!

नवरा चष्मा लावून सगळं वाचू लागला. ‘जमतं’च्या खाली माझ्या त्या सहकाऱ्याचं नाव होतं, आणि नावापुढे, ऑनलाइन विभागप्रमुख.