एक जूनची माणसं

बाळ लेल्याचं खरं नाव बाळकृष्ण, पण ते रेशनकार्डावर आणि पगाराच्या स्लिपवर. पस्तिशी उलटली, केस कपाळावरून मागे हटले, तरी पेणच्या रामवाडीत आणि रोह्याच्या कारखान्यात तो सगळ्यांचा बाळच राहिला. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रंगाला लागणारी रसायनं बनवणारा एक कारखाना होता. तिथला संगणक विभाग बाळ सांभाळायचा. विभाग म्हणजे काय, तर एक खोली, तीन कॉम्प्युटर, पत्रा कापल्यासारखा ओरडणारा एक प्रिंटर आणि बाळ. मुंबई-पुण्याकडे याच कामाला सॉफ्टवेअर म्हणतात आणि त्यावर पोरं अमेरिकेला जातात, हे त्याला पेपरात वाचून माहीत होतं. तो मात्र रोज सकाळी सातच्या कंपनीच्या बसने नागोठण्यावरून रोह्याला जायचा आणि संध्याकाळी त्याच बसने घरी यायचा.

अख्ख्या कारखान्यात गार हवा दोनच ठिकाणी होती, मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये आणि बाळच्या खोलीत. तीही बाळसाठी नव्हती, यंत्रांसाठी होती. बाहेर अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना बाळ आत अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून बसलेला असायचा. त्याची बायको वृंदा म्हणायची, "त्या खोलीने तुम्हाला पार थिजवून टाकलंय." वृंदा शाळेत शिकवायची, त्यामुळे समोरच्याला शेरा देऊन मोकळं व्हायची तिला सवय होती. पण हा शेरा बरोबर होता. बाळला हल्ली कशाचं काही वाटत नसे. बढती दुसऱ्याला मिळाली, वाटलं नाही. आई गेली, तेव्हा तेरा दिवस पाहुण्यांच्या चहात गेले आणि चौदाव्या दिवशी बस आली. रडायचं राहूनच गेलं.

यंत्रांच्या नोंदीसाठी कंपनीने त्याला एक वही दिली होती. किती वाजता चालू, किती वाजता बंद, काय बिघडलं. शेवटचा रकाना 'शेरा' असा होता आणि त्यात बाळ भलतंच काही लिहायचा. "ढगाळ. डब्यात वालाचं बिरडं. बसमध्ये कुणीतरी भूप गुणगुणत होतं." किंवा, "पाऊस. वीज तीनदा गेली. पोळ्या वातड. गाणं काही सुचलं नाही." सात वर्षांच्या सात वह्या कपाटात पडून होत्या. त्या कुणी कधी उघडल्या नाहीत.

माणूस थोडाफार सैल व्हायचा तो फक्त शनिवारच्या भजनात. वडखळच्या पुढे खारेपाटात, खाडीच्या बांधाला लागून एक गाव होतं. तिथल्या देवळात बाळ पेटीवर बसायचा आणि मृदंगावर पुंडलिक म्हात्रे. पुंडलिक त्याच कारखान्यात बॉयलरवर होता. त्याचे आईबाप मिठागरात राबलेले. बाळचे वडील, नाना, त्या गावात तीस वर्षं शाळामास्तर होते, त्यामुळे बाळ लहानाचा मोठा झाला तो पुंडलिकच्या डोळ्यांसमोर. पेटीवर बोटं कशी ठेवायची हे त्याला दाखवलं तेही पुंडलिकनेच. कारखान्यात पुंडलिक त्याला चारचौघांत साहेब म्हणायचा, देवळात मात्र सूर घसरला की सरळ मांडीवर चापट मारायचा.

सत्त्याण्णव साल संपत आलं आणि बाळच्या मानगुटीवर सन दोन हजारची भानगड बसली. यंत्रांमध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे भरलेले होते. दोन हजार साल उजाडलं की यंत्राला ते एकोणीसशे वाटणार, म्हणून सगळ्या तारखा चार आकड्यांनी नव्याने भरायच्या. सहाशे कामगारांच्या जन्मतारखा बाळ जाडजूड रजिस्टरांतून एकेक करून टाईप करत बसला. पंधरवड्यात बोटांना एक तारीख पाठच झाली. एक जून. दीडशेच्या वर माणसं एक जूनला जन्मलेली.

पर्सोनेलचे राऊत साहेब यादी बघून पोट धरून हसले. "काय हो लेले, तुमच्या खारेपाटात बाकीचे अकरा महिने बायका बाळंत होत नाहीत की काय?"

बाळही हसला. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराची जन्मतारीख आईबापांना ठाऊक नसायची, मग मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे, असं त्याने समजावून सांगितलं. त्यातली चाळीसेक माणसं आपल्याच बापाच्या हातची आहेत, हे तेवढं सांगितलं नाही.

नव्या प्रोग्रॅमने पहिलं काम केलं ते अठ्ठावन्न पुरी होणाऱ्यांची यादी काढण्याचं. पूर्वी हे काम एक कारकून रजिस्टर चाळून करायचा, आणि त्याच्या नजरेतून एखाददुसरा सुटून वर्ष-दोन वर्षं जास्त राहायचा. आता तसं होणार नव्हतं. अठ्ठ्याण्णव सालात निवृत्त होणारी अकरा नावं निघाली. पाचवं नाव पुंडलिक म्हात्रे, जन्म एक जून एकोणीसशे चाळीस, शेवटचा दिवस एकतीस मे.

जानेवारीतल्या एका रविवारी पुंडलिकने बाळला पोपटीला बोलावलं. शेतात कोवळ्या वालाच्या शेंगा आल्या होत्या. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती पेंढ्याचा जाळ. बाकीच्यांच्या मडक्यात अंडी आणि कोंबडीही असायची. बाळचं मडकं दरवर्षी वेगळं, चुन्याची खूण केलेलं. शेंगा सोलता सोलता पुंडलिकने विषय काढला.

"बाल, तो यादीचा कागद तूच छापलास म्हनं."

"मशीन छापतं, काका. मी नुसत्या तारखा भरतो."

"ती तारीखच खोटी हाय. मोठी खांड गेली त्या साली मी झालो. आई सांगायची, बांध फुटला, खारा पानी घरात शिरला, नि मला पाटीत घालून मालावर ठेवला व्हता. बेचालिसची गोष्ट ती. गावात कोनालाबी इचार. चार वर्साचा व्हतो तवा गुरुजींनी शालेत बसवला, नि सा लिवले."

पुंडलिकला नोकरीचा सोस नव्हता. त्याचा धाकटा मुलगा प्रविण आयटीआयला फिटरचं शिकत होता, पुढच्या वर्षी जुलैत सुटणार होता. कामगाराच्या मुलाला कारखाना शिकाऊ म्हणून घ्यायचा, पुढे कायमही करायचा, पण बाप त्या दिवशी कामावर असला तरच. मेमध्ये पुंडलिक घरी बसला की प्रविणचा तो दरवाजा बंद. खरी तारीख लागली तर बाप दोन हजार सालापर्यंत कामावर राहणार होता.

"तू आकडा बदल असा मी बोलनार नाय," पुंडलिक म्हणाला. "खोटा नको. खरा काय हाय ता गुरुजींनी लिवून दिला तर बघ. तवर शेंगा खा, थंड व्हतात."

बाळने सोमवारी राऊत साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "ते मास्तर हयात आहेत? मग प्रश्नच मिटला. ज्यांनी लिहिली त्यांनीच चूक म्हणून सही दिली तर मी मोठ्या साहेबांकडून करून घेतो. मागे दोघांचं केलंय. मात्र तीस तारखेच्या आत. त्या दिवशी यादी पक्की होऊन जाते." मास्तर कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

काम इतकं सोपं निघालं की बाळला घरी जाताना चक्क बरं वाटलं. त्या दिवशीच्या शेऱ्यात त्याने लिहिलं, "हवा छान. काम होणार."

नानांचं वय अठ्ठ्याहत्तर. हात कापायचा, पण डोकं शाबूत. ते गॅलरीत पाट मांडीवर घेऊन बसले आणि अख्खी सकाळ लावून त्यांनी दोन पानं लिहिली. बाळने उभ्या उभ्या वाचायला घेतलं. पहिलं पान पुंडलिकचं होतं. सेहेचाळीस साली शाळेच्या पटावर वीस मुलं नव्हती. वीस नसली तर शाळा बंद होणार होती. म्हणून चार वर्षांच्या पुंडलिकला आपण सहाचा लिहिला, असं नानांनी लिहिलं होतं. कारण, साल, सगळं जागच्या जागी. बाळने पान उलटलं.

दुसऱ्या पानावर त्याचं स्वतःचं नाव होतं. "तसेच माझा मुलगा चिरंजीव बाळकृष्ण विषमज्वराने दोन वर्षे अंथरुणावर होता. तो आठव्या वर्षी शाळेत आला. त्याचे नुकसान होऊ नये म्हणून मी त्याचे वय सहा लिहिले. ही दोन्ही असत्ये माझी आहेत."

आपली शाळेतली तारीख खोटी आहे हे बाळला माहीत होतं. कुणाची नसते? पण नव्वद साली तो कारखान्यात लागला तेव्हा वयाची अट अठ्ठावीसची होती. कागदावर तो सत्तावीसचा होता आणि खरा एकोणतीसचा.

"नाना, हे दुसरं पान कशाला?"

"का? खोटं आहे का ते?"

"खोटं नाही. पण त्यांनी विचारलंय ते पुंडलिककाकांचं. माझी नोकरी जाईल यात."

नानांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "दुसऱ्याच्या पोराची दोन वर्षं खाल्ली आणि माझ्या पोराला दोन वाढवून दिली. अर्धंच कबूल करायचं असेल तर त्यावर माझी सही होणार नाही. आता काय करायचं ते तू ठरव." दोन्ही पानांना मिळून त्यांनी एकच सही केली होती, दुसऱ्याच्या शेवटी, आणि मजकूर पहिल्यावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपणारा, मधून तोडता येणार नाही असा. मास्तरांनी आयुष्यभर पोरांच्या पळवाटा बुजवल्या, तीच सवय.

बाळने पत्र कारखान्यात नेलं आणि फ्लॉप्यांच्या डब्याखाली खणात ठेवलं. तिथे ते पडून राहिलं. आठ दिवस तो रोज खण उघडायचा, डबा उचलायचा आणि परत ठेवायचा. त्याची तगमग झाली, झोप उडाली असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. झोप उत्तम लागली. वृंदाने संक्रांतीच्या उरलेल्या तिळाच्या वड्या डब्यात दिल्या होत्या, त्या त्याने चवीने खाल्ल्या. एकदा पुंडलिकच्या नावासमोर जाऊन चाळीसचं बेचाळीस करून पाहिलं. यादी रजिस्टरशी ताडून पाहणार हे आठवलं आणि परत चाळीस केलं. भ्याला म्हणावं तर भीतीसुद्धा धड वाटली नाही. उद्या बघू, एवढंच दर दिवशी वाटायचं, आणि उद्या यायचा.

तीस तारखेला शुक्रवारी राऊत साहेब स्वतः खोलीत आले. "लेले, त्या म्हात्रेच्या मास्तरांचं पत्र?"

खण बाळच्या गुडघ्याला लागून होता. तो म्हणाला, "नाही मिळालं, साहेब. म्हातारे झालेत. त्यांना आता नीटसं काही आठवत नाही."

"अरेरे," राऊत साहेब म्हणाले, आणि यादी छापायला सांगून गेले. प्रिंटर ओरडत ओरडत चालू झाला. शेऱ्यात बाळने लिहिलं, "ऊन. पोळी-बटाटा. छपाई झाली."

घरी नानांना सांगितलं तेच शनिवारी देवळात तो पुंडलिकला म्हणाला, "पत्र दिलं होतं, काका. साहेबांनी मानलं नाही." पुंडलिकने मृदंगाच्या वाद्या ओढता ओढता मान हलवली. बॉयलरवर आयुष्य काढलेल्या माणसाला साहेबांनी न मानणं नवं नव्हतं. एकतीस मेला त्याला नारळ आणि शाल मिळाली. प्रविण आयटीआय सांभाळून वडखळच्या एका गॅरेजात जाऊ लागला.

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी पुंडलिक पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा खांद्यावर टाकून रामवाडीला आला. नानांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "गुरुजी, साहेब नाय मानला तर नाय. तुमी या वयात लिवून दिलंत, ता मी इसरनार नाय."

नाना हरखले. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा इतका उजळलेला बाळने पाहिला नव्हता. "माझं काय घेऊन बसलास, पुंडलिका? मी आता काठावरचा माणूस, माझं कोण काय करणार? खरं धैर्य याचं. त्या पत्रात याच्याही वयाचं खोटं मी लिहून टाकलं होतं. नोकरी जाईल हे ठाऊक असून यानं ते नेऊन दिलं. देवाच्या कृपेनं त्यांनी याला काही केलं नाही." त्यांनी बाळच्या पाठीवर हात ठेवला. "मला वाटायचं, पोरगा माझा दगड झालाय. तसं नाही."

पुंडलिक बाळकडे बघतच राहिला. "माज्यासाठी?" तो म्हणाला. "बाल, तू माज्यासाठी ता पत्र दिलास?" आणि छप्पन्न वर्षांचा तो माणूस, ज्याने कधी मांडीवर चापट मारून सूर शिकवला होता, दोन्ही हात जोडून त्याच्यासमोर वाकला.

कितीतरी वर्षांनी बाळला काहीतरी वाटत होतं, आणि ती लाज होती, कानापर्यंत चढलेली, दुसरं काही नव्हतं. पत्र अजून खणातच होतं, आणि ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दोघं म्हातारे डोळे भरून त्याच्याकडे बघत होते. त्याने पुढे होऊन पुंडलिकचे हात धरून खाली केले.

"बसा ना, काका," तो म्हणाला. "चहा घेणार ना?"