रिव्हर्स राहिला होता

पडदा वर जातो तेव्हा सकाळ असते. समोर एक अरुंद गल्ली, पुढे रस्ता नाही. डाव्या विंगेत मास्तरांचं दार, उजव्या विंगेत माझी गॅलरी. मधोमध, भिंतीकडे नाक करून उभी असलेली एक छोटी पांढरी मोटार, टपावर शिकवणीची पाटी. मोटारीच्या अगदी मागे प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीत मास्तरांच्या आई. हातात विणकाम नाही, निवडायला काही नाही. त्या नुसत्या बसल्या आहेत, आणि त्या दिवशीचं त्यांचं काम तेवढंच आहे. कारण आज गाडी न्यायला माणूस येणार, असा काल फोन आलाय.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. जन्मभर दुसऱ्याच्या चुका शेजारच्या सीटवरून बघितल्यावर माणूस जितका शांत होतो, तितके शांत. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच होता. शिकणारा चुकला की मास्तरांचा पाय आधी पोचायचा आणि आवाज मागून. ओरडत नसत. "आता आपण मेलो असतो," एवढंच म्हणायचे. "चला, पुन्हा."

त्यांचा एक नियम होता: फी एकदाच, शिकवणी गाडी येईपर्यंत. या नियमानं त्यांना मान मिळाला आणि बाकी काही मिळालं नाही. एक बाई चार वर्षं शिकत होत्या. गल्ली त्यांना कायमच्या बाई म्हणायची. त्यांना गाडी येत नव्हती, पण मास्तरांच्या घरात साखरेचा डबा कुठे असतो ते माहीत होतं. जुने विद्यार्थी जात नसत, त्यामुळे नव्यांना वेळ नसे. त्यातच मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गाडी उभी राहिली आणि कर्जाचे हप्ते थकले. फायनान्स कंपनीचा प्रत्येक फोन मास्तर घ्यायचे आणि खरं ते सांगायचे. पलीकडच्याला मग बोलायला काही उरत नसे.

शेवटी माणूस आला. वसुलीवाला म्हटल्यावर मी मिशा आणि मनगटं अपेक्षिली होती. खलनायकाची एंट्री मी पुष्कळ वेळा केली आहे, तिची एक रीत असते. हा काटकुळा पोरगा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, काखेत फाइल. मास्तरांना बघून जागीच थिजला.

"मास्तर, तुम्ही?"

"अरे, तू? रिव्हर्सच्या आधी गायब झालास तो आज उगवलास."

"नोकरी लागली ना, मास्तर."

"हीच?"

"हीच."

त्यानं कागद पुढे केला. मास्तरांनी तो पूर्ण वाचला, सही केली, गाडीतून आपली उशी आणि पाण्याची बाटली काढून घेतली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"अहो, किल्ली काय देताय, बक्षीस दिल्यासारखी!" वहिनी दारातून कडाडल्या. वहिनी म्हणजे मास्तरांच्या बायको. मग त्या मुलाकडे वळल्या. "संध्याकाळी माझा भाऊ थकलेले पैसे घेऊन येतोय. तेवढा वेळ थांब."

"काकू, दुपारपर्यंत गाडी कंपनीच्या यार्डात लागली नाही तर माझी नोकरी जाईल."

"आणि लागली तर यांची जाईल. ती चालते तुला?"

किल्ली मात्र त्याच्याच हातात होती. तो खुर्चीपाशी गेला.

"आजी, जरा बाजूला व्हा."

"मला ऐकू येत नाही."

"मग मी काय म्हटलं ते कसं कळलं?"

"तेही ऐकू आलं नाही."

गाड्या ओढून नेणारा त्यांचा ट्रक वळणावर अडकून परत गेला होता. म्हणजे गाडी चालवतच बाहेर काढायची, आणि तीही मागे मागे. आजी आपोआप उठतील अशा हिशेबानं तो आत बसला. गिअर टाकला. गिअरबॉक्सनं जो आवाज काढला तो मी फक्त एकदा ऐकला होता, आमच्या नाटक कंपनीत पार्श्वसंगीताची पेटी जिन्यावरून पडली तेव्हा. गाडी मागे जाण्याऐवजी पुढे गेली आणि भिंतीला लागून बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

वहिनी माझ्या गॅलरीखाली आल्या. चेहऱ्यावर उजेड. "याला मागे जाता येत नाही हो," त्या कुजबुजल्या. "संध्याकाळपर्यंत असंच चालू दे. मी चहा टाकते."

मास्तर उंबरठ्यावर उभे होते. गाडीत क्लच चुकीचा सुटला की त्यांचा पाय पायरी दाबायचा. वहिनींनी त्यांची बाही धरली.

"तुम्ही जायचं नाही."

"नाही जात."

"गाडी आपली राहतेय."

"हो." गिअर किंचाळला. मास्तरांनी डोळे मिटले.

आमच्या कंपनीत एक प्रॉम्प्टर होता. दुसऱ्या कंपनीच्या नाटकाला प्रेक्षक म्हणून बसला, तरी तिथला नट अडखळला की हा खुर्चीतून वाक्य सांगायचा. आमचं नाटक पडावं म्हणून टपलेल्या लोकांचं नाटक त्यानं दोनदा सावरलं. मालकांनी त्याचा पगार कापला. तिसऱ्यांदाही त्यानं तेच केलं.

मास्तरांनी बाही सोडवून घेतली. "त्याची फी घेतलीय मी," ते म्हणाले आणि जाऊन शेजारच्या सीटवर बसले.

"अहो!" वहिनी म्हणाल्या. एका शब्दात इतकं सगळं बसवणारी नटी आमच्या कंपनीला कधी मिळाली नाही.

मास्तरांनी रिव्हर्स टाकून दिला, मुलानं क्लच सोडला. गाडी उसळून मागे आली आणि खुर्चीपासून वीतभर अंतरावर थांबली. ब्रेक मास्तरांच्या बाजूचा होता.

"आता आई गेली असती," मास्तर म्हणाले. "आरसे न लावताच निघालास. लाव. दिसली का आई?"

"दिसली."

"कशी दिसते?"

"रागावलेली."

"म्हणजे आरसा बरोबर लागला." मग खिडकीतून डोकं काढून, "आई, वाट दे. शिकतोय तो."

इतकी वर्षं रोज सकाळी हेच वाक्य ऐकून आजी खुर्ची उचलत आल्या होत्या. आजही उचलली. दारात नेऊन ठेवल्यावर आपण काय केलं ते त्यांना कळलं, आणि त्या मुलाला न म्हणता मास्तरांना म्हणाल्या, "मेल्या!"

गाडी मुंगीच्या पायानं मागे निघाली. कुंडी गेली, नळ गेला, वळण आलं. "आता पूर्ण फिरव. थांब. श्वास घे. आता सोड." शिकवणीसाठी आलेल्या कायमच्या बाईंनी भान विसरून टाळी वाजवली. वहिनींनी नुसतं बघितलं, तशी त्यांनी ती टाळी हात झटकण्यावर नेली. ओरखडा न उठता गाडी आमच्या आयुष्यातून बाहेर पडली.

संध्याकाळी मेहुणे पैसे घेऊन आले आणि रिकाम्या जागेत उभे राहिले.

"ओढून नेली?"

"छे! यांनी स्वतः काढून दिली," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी यार्डात थकबाकी भरली. वर जागेचं भाडं आणि गाडी ओढून आणल्याचा खर्च. मास्तर म्हणाले, ओढून नाही, शिकवत आणली. कारकुनाकडे त्यासाठी रकाना नव्हता. हे जास्तीचे पैसे मेहुणे आजही जेवायला आले की पहिल्या घासाबरोबर काढतात. पुढच्या हप्त्यांचं काय, हे मात्र कोणी काढत नाही.

गाडी परत आणली ती त्याच मुलानं, हट्टानं. शेजारी मास्तर, हात मांडीवर. गल्लीच्या तोंडापासून रिव्हर्समध्ये आला. वळण, नळ, कुंडी, सगळं सांभाळत. दारात वहिनी, खुर्चीत आजी, वर मी. गाडी थांबली. मुलाचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"जमलं ना, मास्तर? आता तरी पास?"

मास्तर उतरले. कुंडी बघितली, भिंतीपासूनचं अंतर बघितलं, वहिनींकडे बघायचं टाळलं.

"जमलं," ते म्हणाले. "पण पुढच्या वेळी न्यायला येशील, तेव्हा बसल्याबरोबर आधी आरसे लाव."