हातावर तोललेला रेडिओ

मागवलेला शॉर्टवेव्ह रेडिओ काल घरी आला. खोक्यातून काढल्याबरोबर मी तो तळहातावर तोलला आणि पेणचं ते दुकान आठवलं.

माझ्या लहानपणी थोरला भाऊ आखातात कामाला गेला होता. तिकडचं स्टेशन लागेल असा रेडिओ घ्यायला बाबा मला घेऊन आमच्या जोहे गावाहून पेणला गेले. बाबा गणपती घडवायचे. मूर्ती खरी शाडूची की नाही, हे ते वजनावरून सांगायचे. दुकानदार एक हलका रेडिओ दाखवत म्हणाला, "काका, लांबची स्टेशनं यातच लागतात." बाबांनी तो हातावर तोलला. "ह्यो पोकळ हाय," म्हणाले आणि सगळ्यांत जड रेडिओ उचलला.

संध्याकाळी अंगणात त्यातून नुसती खरखर आली. बाबा आईला म्हणाले, "समुद्र वाजतोय गो. म्हंजे तिथवर पोचलाय." आई मन लावून ऐकत बसली.

आत आल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, बाबांनी चुकीचा रेडिओ आणलाय."

"ठाव हाय मला. तू गप ऱ्हा. त्यांना ऐकू येतोय ना पोरगा?"

काल नव्या रेडिओवर आखातातलं स्टेशन स्वच्छ लागलं. मी आवाज वाढवला, रिकाम्या अंगणापर्यंत जाईल इतका.